प्रोस्टेटचा रुग्ण गळाटला तर बाटली लावण्याआधी काय तपासावं?

घरात प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रुग्ण असला की थकव्याचं कारण कुणी शोधत बसत नाही. वय झालंय, आजार मोठा आहे, इंजेक्शनं चालू आहेत, जेवण तुटलंय. मग कुणीतरी म्हणतं, "आबा लई गळाटलेत, एक बाटली लावून आणा." परभणी असो की बीड, तालुक्याच्या गावात दुपारी कुठल्याही दवाखान्यात डोकावलं तर दोन-चार खाटांवर बाटल्या लटकलेल्या दिसतातच. बहुतेकांना त्यानं फायदाही होत नाही आणि तोटाही. प्रोस्टेटच्या रुग्णाचं तसं नाही. क्वचित का होईना, त्याच्या थकव्यामागे गाठीनं स्वतःच हार्मोन तयार करून रक्तातलं सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम बिघडवलेलं असतं. तिथे तीच सलाईन एकाला तारते आणि दुसऱ्याला आयसीयूत पोचवते. कोण कुठला, हे तोंडाकडे बघून ओळखता येत नाही. रक्त तपासावंच लागतं.

हा लेख घरात फाईल सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. बहुतेक घरांत तो मुलगा असतो, कधी सून, कधी पुतण्या. उपचार डॉक्टरच करतील. पण कुठली तपासणी मागायची आणि कुठली गोष्ट न विसरता सांगायची, हे फाईलवाल्याला माहीत असलं की रुग्णाचे चार-आठ दिवस वाया जात नाहीत.

हा प्रकार नेमका काय आहे

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स या अमेरिकी सर्जननं १९४१ साली ते दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आजही महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं, नाहीतर अंडकोष काढायची शस्त्रक्रिया, ही सगळी त्याच तत्त्वावर चालते: गाठीचं खाद्य तोडायचं.

या लेखातला विषय त्याच्या उलट्या बाजूचा आहे. इथे गाठ हार्मोन खात नाही, बनवते. आणि तेही प्रोस्टेटशी काही संबंध नसलेली हार्मोन्स: पाणी धरून ठेवणारं, कॉर्टिसॉल (शरीरात बनणारं स्टेरॉइड) वाढवणारं, हाडातलं कॅल्शियम सोडवणारं. गाठ जिथे पोचलेलीच नाही अशा अवयवांवर त्यामुळे परिणाम दिसतो. प्रोस्टेटमध्ये हे दुर्मिळ आहे. सहसा आजार पुढे गेल्यावर, आणि त्यातही कॅन्सरच्या पेशींनी रूप बदलून 'स्मॉल सेल' किंवा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींसारखं, वळण घेतल्यावर ते दिसतं. दुर्मिळ असूनही मी यावर लिहितोय, कारण यातल्या बहुतेक बिघाडांची पहिली पायरी जिल्ह्याच्या, किंबहुना तालुक्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत पकडता येते. आणि गाठीऐवजी औषधांमुळे होणारे अगदी असेच बिघाड मुळीच दुर्मिळ नाहीत.

सगळ्यात आधी: हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

पाठीत दुखतंय आणि पायातली ताकद जातेय, चालताना पाय लटपटतायत, लघवी किंवा शौचाचा ताबा सुटलाय, असं असेल तर कॅन्सर मणक्यात जाऊन मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. याचा हार्मोनशी संबंध नाही. त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. लघवी पूर्ण तुंबली, झटके आले, माणूस हाक मारूनही उठेना, किंवा केमोनंतर थंडी वाजून ताप आला, तरीही तसंच.

औषधांची पिशवी पालथी करा

डॉक्टरकडे निघताना फक्त कॅन्सरची फाईल नेऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरपं, चूर्णं, पुड्या एका पिशवीत भरून न्या. गाठीवर आळ घेण्याआधी याच पिशवीत आरोपी सापडण्याची शक्यता जास्त.

बीपीच्या गोळीच्या नावामागे 'एच' अक्षर असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते, आणि त्याच जातीचं क्लोरथॅलिडोन, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही उतरवतात. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून कुणी डेस्मोप्रेसिन दिलं असेल तर ती गोळी म्हणजे पाणी धरून ठेवणारं हार्मोनच आहे. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम ती झपाट्यानं खाली आणू शकते. अंगातून वाफा निघतात किंवा मन लागत नाही म्हणून चालू केलेल्या एस्सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन अशा गोळ्या, फिटची कार्बामॅझेपिन, दुखण्यावरची ट्रामाडॉल, यांनीही सोडियम उतरतं.

अबिराटेरॉन ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची नेहमीची गोळी. ती उपाशीपोटी घ्यायची असते आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतंच. जोडीतलं प्रेडनिसोलोन "स्टेरॉइड वाईट असतं" असं ऐकून बंद केलं की बीपी चढतं, पाय सुजतात, पोटॅशियम उतरतं. बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर उलट बीपी पडतं, उलट्या होतात, सोडियम उतरतं. दोन्हीकडून घात. म्हणून 'मध्येच कुठली गोळी बंद केली का' हेही आठवून सांगा.

आणि त्या पुड्या. आपल्या भागात सांधेदुखीवर, दम्यावर बिननावाच्या पुड्या सर्रास मिळतात, आठवड्याच्या बाजारातसुद्धा. घेतल्या की दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक लागते. इतका झटपट गुण येतो तेव्हा आत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. रुग्ण हे डॉक्टरला आपणहून सांगत नाही. तुम्ही सांगा. लाजू नका.

रक्तात काय मागायचं

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते). एवढं एका वेळी, एका सुईत होतं. फॉस्फरसही त्याच नमुन्यात करून घेता आला तर बरं.

लॅबचा कागद हातात आला की आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेलं रक्त बसनं लातूरला किंवा नांदेडला जातं. नळीतल्या रक्तपेशी वेळेत वेगळ्या केल्या नाहीत तर त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि कागदावर खोटं वाढलेलं दिसतं, म्हणजे खरं कमी असलेलं झाकलं जातं. शक्यतो जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्या. साखर खूप वाढलेली असेल तर सोडियम कमी दिसतं: १०० च्या वर दर १०० साखरेमागे साधारण १.६ नं. साखर ४०० आणि सोडियम १३० असेल तर सुधारलेलं सोडियम जवळपास १३५ आलं, म्हणजे तिथे इलाज साखरेचा. कॅल्शियमचंही असंच. अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, त्याला ०.८ नं गुणून तेवढं कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम १०.२ दिसतंय, पण अल्ब्युमिन २ आहे, तर खरा आकडा ११.८. जेवण तुटलेल्या रुग्णात ही बेरीज हमखास राहून जाते.

सोडियम कमी: इथेच बाटली घात करते

सोडियम १३५ ते १४५ असावं. १३० च्या आसपास थकवा, मळमळ, तोल जाणं. १२५ च्या खाली गेलं की डोकं दुखतं, माणूस विसरतो, भलतंसलतं बोलतो. १२० च्या खाली झटके येऊ शकतात. किती वेगानं उतरलं यावरही बरंच अवलंबून असतं. हळूहळू उतरलेलं ११८ घेऊन चालत आलेला माणूस मी पाहिलाय.

गाठ एडीएच नावाचं हार्मोन सोडते तेव्हा मूत्रपिंडं पाणी सोडेनाशी होतात. जायकवाडीत वरून आवक चालू आणि दरवाजे मात्र बंद, तसं. शरीरात पाणी साठतं, त्यात मीठ पातळ होतं. पायावर सूज नसते, जीभ कोरडी नसते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

उदगीरकडच्या एका घरातला मुलगा वडिलांना घेऊन आला होता. म्हणाला, "डाक्टर, दोन दिवसांत चार बाटल्या झाल्या, तरी आबा जास्तच येड्यावानी करायलेत. रात्री उठून बैलं सोडायला निघाले. बैलं इकून सात वर्सं झाली." त्याला वाटत होतं की बाटल्या कमी पडल्या. खरं तर बाटल्यांनीच बिघडवलं होतं. सोडियम ११४ निघालं.

हे होतं कसं? नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. एडीएच जास्त असेल तर मूत्रपिंडं ते मीठ थोड्याशा घट्ट लघवीतून बाहेर टाकतात आणि पाणी आत ठेवतात. म्हणजे मीठ गेलं, पाणी राहिलं. 'ग्लुकोजची बाटली', म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, तर त्याहून वाईट. साखर जळून गेली की उरतं निव्वळ पाणी. म्हणून प्रोस्टेटच्या रुग्णाचं सोडियम माहीत नसताना थकव्यासाठी बाटली लावू नये, हे माझं ठाम मत आहे. डॉक्टर नाराज झाले तरी चालेल, "आधी सोडियम बघू या का" एवढं विचाराच.

सोडियम कमी आलं तर पुढची पायरी: रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (किती घट्ट आहे त्याचं माप), लघवीतलं सोडियम, थायरॉइडची टीएसएच आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल. रक्त पातळ (२७५ च्या खाली) आणि लघवी मात्र घट्ट (१०० च्या वर), लघवीतलं सोडियम ३० च्या वर, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल ठीक, आणि पिशवीत संशयित गोळी नाही, असं जमलं की एडीएचचा बिघाड धरतात. लघवीचा नमुना सलाईन लावण्याआधी द्यायचा, नंतर दिलेल्याला फारसा अर्थ राहत नाही.

गुंगी किंवा झटके असतील तर ३ टक्क्यांची घट्ट सलाईन द्यावी लागते. ती फक्त मोठ्या रुग्णालयात, दर काही तासांनी सोडियम मोजत. चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढवायचं नसतं, कारण घाईनं चढवलं तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होते. "दोन दिवस झाले, अजून १२२ च?" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. हळू चढतंय म्हणजे बरोबर चाललंय.

लक्षणं सौम्य असतील तर मुख्य इलाज म्हणजे पाणी मोजून देणं, दिवसाला साधारण ८०० मिली ते १ लिटर, डॉक्टर सांगतील तेवढं. वाचायला सोपं, पण मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना करायला फार अवघड. घरात हे असं जमवतात: सकाळी एक लिटरची बाटली पाण्यानं भरून ठेवायची. चहा प्यायला दिला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. ताक दिलं, पातळ वरण दिलं, तरी तसंच. बाटली संपली की दिवस संपला. घरातला स्टीलचा पेला किती मिलीचा आहे हे एकदा मोजून घ्या. दोनशेचा समजून अडीचशेचा पेला देणारी घरं बरीच आहेत. टरबूज, कढी, ओआरएस, शहाळं, सगळं पाण्यातच धरायचं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून थुंकायला द्या, लिंबाची फोड चोखायला द्या, डोक्यावर ओलं फडकं ठेवा. पाहुण्यांना आधीच बजावा, कारण भेटायला आलेला प्रत्येक जण "अण्णा, घोटभर पाणी घ्या" म्हणतो.

जेवण बीपीमुळे अळणी चालू असेल तर ते तसंच ठेवायचं का, हे विचारून घ्या. टोलव्हॅप्टन नावाची गोळी अडलेलं पाणी सोडवते, पण ती रुग्णालयात चालू करायची असते. तिच्यावर असताना पाणी तोडायचं नसतं. दोन्ही एकदम केलं तर सोडियम उसळतं.

पोटॅशियम कमी, साखर आणि बीपी अचानक चढलेलं

कधी साखर नसलेल्या माणसाची साखर महिन्याभरात ३०० वर जाते, बीपीच्या दोन गोळ्यांनीही भागत नाही, पाय सुजतात आणि पोटॅशियम ३.५ च्या खाली, कधी २.५ च्याही खाली घसरतं. असं एकत्र दिसलं तर गाठ एसीटीएच बनवतेय का ते बघावं लागतं. त्या हार्मोननं मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉलचा पूर सोडतात.

घरात ओळखायची खूण मांड्यांत सापडते. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, डोक्याला रुमाल बांधायला हात वर जात नाहीत. गोल चेहरा, पोटावर चरबी ही पुस्तकातली लक्षणं इथे अनेकदा नसतातच, कारण कॅन्सर अंग वाळवत असतो आणि सगळं फार वेगानं घडतं. कातडी काळवंडते, स्वभाव चिडका होतो, झोप उडते.

तपासणी: रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्टिसॉल. ते १.८ च्या खाली दबायला हवं, दबलं नाही तर पुढे एसीटीएच. एसीटीएचचा नमुना थंड ठेवून लगेच प्रक्रियेला घ्यावा लागतो, म्हणून तो गावातून पाठवू नका. प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते लॅबला आणि डॉक्टरला आधी सांगा. काही मशीन त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात.

केळी आणि शहाळी आणून हे पोटॅशियम भरत नाही. सिरप लागतं, ते पाण्यात मिसळून जेवणानंतर द्यायचं. जास्तच कमी असेल तर ईसीजीवर लक्ष ठेवून शिरेतून, सावकाश. आणि मूत्रपिंड तुंबलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला मात्र शहाळंसुद्धा विचारल्याशिवाय नको. कॉर्टिसॉल दाबायला केटोकोनॅझोल, मेटिरापोन, पोटॅशियम धरायला स्पायरोनोलॅक्टोन वापरतात. या रुग्णाला जंतुसंसर्ग पटकन होतो आणि वाढलेल्या कॉर्टिसॉलमुळे ताप दबतो, त्यामुळे थोडा खोकला आणि दम एवढ्यावरही दाखवायला न्या.

कॅल्शियम: वर की खाली

साधारण ८.५ ते १०.५ ही हद्द. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला की बहुधा हाड पोखरत नाही, उलट वेडंवाकडं नवं हाड रचतो, आणि त्यासाठी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतो. म्हणून या आजारात कॅल्शियम खाली जाणं जास्त अपेक्षित. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पोटऱ्यांत गोळे, हाताची बोटं आखडून चोचीसारखी होणं ही त्याची लक्षणं. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब घेतल्यावर पुढच्या दिवसांत हे विशेष दिसतं, मूत्रपिंड अधू असेल तर अधिकच. इंजेक्शनाआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन तपासलंय का ते विचारा. दातांची तपासणीही आधीच. हलणारा दात काढायचा असेल तर इंजेक्शनाआधी काढून जखम भरू द्यायची.

कॅल्शियम वर गेलेलं दिसलं तर या आजारात ते जरा वेगळं, म्हणून कारण शोधायलाच हवं. गाठ पीटीएच या कॅल्शियम वाढवणाऱ्या हार्मोनसारखं प्रथिन बनवत असू शकते. पण आधी हे आठवा की कंबर दुखते म्हणून कुणी सहा लाख युनिटची व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं लागोपाठ टोचली का, कॅल्शियमच्या गोळ्या दोन डॉक्टरांकडून दुहेरी चालू आहेत का. तहान, सारखी लघवी, घट्ट बद्धकोष्ठ, पेंग, गोंधळ ही लक्षणं. १२ च्या वर त्रास जाणवतो, १४ च्या वर तातडी. यात सलाईन हाच पहिला इलाज, आणि भरपूर, हृदय सोसेल तितकी. सोडियमवाल्या आबांना जी बाटली बाधली तीच इथे औषध. सोबत झोलेड्रोनिक ॲसिड. त्याचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि ती 'एच'वाली बीपीची गोळी बंद करायला सांगतील.

फॉस्फरसचं थोडक्यात: तो सतत कमी येत असेल, अंगभर हाडं दुखत असतील आणि चाल बदकासारखी झाली असेल, तर एफजीएफ २३ या हार्मोनमुळे हाडं मऊ पडत असू शकतात. फारच विरळा.

पीएसए कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका

"पीएसए एकच्या आत आहे, मग हे कसं?" हा प्रश्न हमखास येतो (पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन). रूप बदललेल्या पेशी पीएसए बनवणंच सोडून देतात. पीएसए शांत, आणि सोनोग्राफीत यकृतावर ठिपके, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) वाढलेलं, वजन उतरतंय, त्यात वरच्यापैकी एखादा बिघाड: असं जुळलं तर नव्या जागेची बायोप्सी करायला हवी का, हे ऑन्कॉलॉजिस्टला थेट विचारा. स्मॉल सेल निघालं तर एटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन ही केमो देतात. ती लागू पडली की सोडियम-पोटॅशियमही बऱ्याचदा आपोआप सुधारू लागतं. मूळ इलाज गाठीचाच. बाकी सगळं तोवर माणूस सांभाळण्यासाठी.

कुठे जायचं, काय न्यायचं

आकडे बिघडलेत पण माणूस शुद्धीत आहे, तर पहिला मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणचा एमडी मेडिसिन. सरकारीत लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाई आणि संभाजीनगरची घाटी इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कॅन्सरच्या पुढच्या निर्णयासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. परळचं टाटा रुग्णालय सगळ्यांच्या तोंडी असतं, पण सोडियम ११५ असताना रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठायचा विचार करू नका. आधी जवळ भरती, आकडा सुरक्षित, मग प्रवास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच भेटा.

फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा: तारीख, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, अल्ब्युमिन, साखर, क्रिएटिनिन, पीएसए, वजन. जुने कागद चाळून मागचे आकडेही भरा. आज १२८ असलेलं सोडियम सहा महिन्यांपूर्वी १३८ होतं की १२९, यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय फिरतो. प्रेडनिसोलोन चालू असेल तर त्याच पानावर लाल पेनानं लिहा, कधीपासून आणि किती, म्हणजे रात्री-अपरात्री भरती करावं लागलं आणि तुम्ही सोबत नसलात तरी ड्युटीवरचा डॉक्टर ते वाचेल.